सेनाधिकारी आणि राजकीय शहाणपण

सेनेतील ज्येष्ठ अधिकाऱ्यांना राजकारणाचे व परराष्ट्रव्यवहाराचे शिक्षण द्यावे असे कोणी म्हटले, की आपल्या चळवळीतील कार्यकर्त्याच्या कपाळावर आठी उमटते. ती अकारण उमटते असे मी म्हणणार नाही. पाकिस्तानात १९५८ साली अयूबखानांनी, १९७७ साली झियांनी आणि १९९९ साली मुशर्रफांनी काय केले ते आपण पाहिले. ब्रह्मदेशात १९६२ साली ने विन यांनी सत्ता घेतली. त्या देशाची मान सेनेच्या जोखडातून आजही सुटलेली नाही. ‘सेनेला राजकारणापासून दूर ठेवा’ हे सूत्र आपण जपले आणि ते योग्यच होते. परंतु या सूत्राचा अर्थ ‘सेनाधिकाऱ्याला राजकारण कळूच नये’ असा आपण केव्हा लावला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आपल्या शिबिरांतून कधी चर्चेला आल्याचे मला आठवत नाही. संरक्षणाचा विषय म्हणजे उजव्या मंडळींचे वतन, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे.

या प्रश्नाला एक जुने उदाहरण फार चांगले लागू पडते, आणि त्यातला एक माणूस आपल्या कोल्हापूरकडचा आहे. कोरियातील युद्ध १९५३ च्या जुलैत थांबले तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक चिनी व कोरियन युद्धकैदी उरले होते. त्यांचे काय करावे हे ठरविण्यासाठी भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते जनरल थिमय्या. कैद्यांचा ताबा सुमारे सहा हजार भारतीय जवानांच्या दलाकडे होता आणि त्याचे प्रमुख होते जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्याला विरोध होता. तेव्हा आपले जवान जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. दोन्ही बाजूंचा संशय, दोन्ही बाजूंची शिवीगाळ.

त्या सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या कुंपणाआड ओढून ओलीस धरले. बळाचा वापर केला असता तर मेजर गेला असता, शेकडो कैदी गेले असते आणि आयोगही त्याच दिवशी संपला असता. थोरात स्वतः आत गेले, त्या खवळलेल्या जमावाशी बोलले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. पुढे काही प्रसंगी गोळीबार करावा लागला व काही कैदी मेले, हेही सांगितले पाहिजे. सगळेच गोड झाले नाही. शेवटी १९५४ च्या जानेवारीत थिमय्यांनी उरलेले कैदी ज्याच्या त्याच्या मूळ ताबेदाराकडे परत सोपवले. तो निर्णय कोणत्याच बाजूला पूर्णपणे रुचला नाही. परंतु युद्ध पुन्हा पेटले नाही. कुठल्याच देशाचा आसरा नको म्हणणारे ८८ कैदी आपल्या दलाबरोबर भारतात आले.

आता पुढचा भाग पाहा. हेच थिमय्या पुढे सरसेनापती झाले आणि थोरात पूर्व विभागाचे प्रमुख. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी एक टिपण सादर केले. चीन चाल करून आला तर कोठून येईल, आपल्याला कोठे टिकाव धरता येईल, त्याला किती सैन्य लागेल, याचा हिशेब त्यात होता. थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले. आपण चीनला राजनैतिक मार्गाने रोखू शकतो असे मेनन यांनी सांगितले आणि टिपण बाजूला पडले, असे थोरातांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. १९६० च्या मार्चमध्ये लखनौला त्यांनी ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धाभ्यास घेऊन तोच धोका पुन्हा मांडला. १९६२ चा पराभव झाल्यावर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले व हे टिपण आपल्याला का दाखवले गेले नाही असे विचारले, असेही ते लिहितात.

पाच राष्ट्रांच्या प्रतिनिधींना आणि बावीस हजार बिथरलेल्या कैद्यांना ज्यांनी सांभाळले, त्या दोघांना आपल्याच देशाच्या पंतप्रधानापर्यंत कागदाचा एक गठ्ठा पोहोचवता आला नाही! हे असे का व्हावे?

मेनन यांच्या स्वभावावर सगळे ढकलून आपण मोकळे होतो. तो दोष होताच. परंतु थिमय्यांचीही एक चूक होती, आणि ती राजकीय चूक होती. १९५९ च्या ऑगस्टअखेर त्यांनी राजीनामा दिला, नेहरूंच्या आग्रहावरून तो लगेच मागे घेतला, आणि दोनच दिवसांनी नेहरूंनी लोकसभेत त्यांच्या या कृतीविषयी नाराजी व्यक्त करून मुलकी सत्तेच्या श्रेष्ठत्वाची ग्वाही दिली. राजीनामा हे शस्त्र एकदाच वापरता येते, ही गोष्ट गिरणीतला साधा युनियन पुढारीही जाणतो. थोरातांचे टिपण आले ते त्यानंतर पाच आठवड्यांनी, म्हणजे सरसेनापतींच्या शब्दाचे वजन सर्वांत कमी असताना. शिवाय कोरियात त्यांना लेखी अधिकार होते, ठरलेली कार्यपद्धती होती, बोलायला टेबल होते. दिल्लीत मतभेद लेखी नोंदवण्याची आणि त्याला लेखी उत्तर मिळण्याची जागाच नव्हती. होती ती एका मंत्र्याची मर्जी.

जेथे अशी जागा नसते तेथे दुसऱ्या प्रकारचे कौशल्य फोफावते. जनरल कौल यांना राजकारण कळत नव्हते असे कोण म्हणेल? पंतप्रधानांच्या घरी त्यांची ऊठबस होती. युद्धात फौजेचे नेतृत्व केल्याचा अनुभव नगण्य असताना १९६२ च्या ऑक्टोबरात ईशान्य सीमेवरील नवी कोअर त्यांच्या हाती दिली गेली. आज ‘राजकीय कौशल्य’ हा शब्द ऐकला की मला प्रथम या दरबारी कौशल्याची भीती वाटते. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अद्याप अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. तेव्हा ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी शिकायचे ते कोणत्या पुस्तकातून?

राजकारण न कळणाऱ्या सेनापतीचे दुसरे टोक पाकिस्तानने दाखवले. १९९९ च्या फेब्रुवारीत लाहोरला करार होत असताना मूठभर जनरलांची कारगिलची योजना चालू होती. डोंगरमाथे बळकावण्यापुरती ती हुशारीची होती. जगात आपली बाजू कोण घेईल याचा विचार मात्र तिच्यात नव्हता. चार जुलैला नवाझ शरीफ यांना वॉशिंग्टनला धावावे लागले. ज्या सेनेने देशाचे राजकारण स्वतःच्या हाती ठेवले, तिला आंतरराष्ट्रीय राजकारणाचे गणित साधले नाही, हे आपल्याकडच्या ‘कणखर’ राजवटीच्या चाहत्यांनी ध्यानात घ्यावे.

आणि हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १५ जून २०२० रोजी गलवानला आपले २० सैनिक मारले गेले. त्याच्या आधीच, ६ जूनला, चीनशी बोलणी करायला बसले होते ते आपले कोअर कमांडर. परराष्ट्र खात्याचा अधिकारी त्या टेबलाशी प्रथम बसला तो २१ सप्टेंबरला, सहाव्या फेरीत. बोलण्यांच्या वीसहून अधिक फेऱ्या झाल्या. गस्तीविषयीचा समझोता २०२४ च्या ऑक्टोबरात झाला. मधल्या काळात काही ठिकाणी दोन्ही सैन्यांनी मागे सरून मोकळे पट्टे सोडले, आणि आपली हिवाळी चराऊ कुरणे त्यात गेल्याची तक्रार चुशूल भागातील मेंढपाळांनी केली. नकाशावर रेघ मारणाऱ्या लेफ्टनंट जनरलला हे कुरण कोणाचे, त्यावर किती बकऱ्या जगतात, पश्मिना कोठून येते हे ठाऊक असायला नको काय? मी ज्याला राजकीय शिक्षण म्हणतो त्याचा आरंभ येथे आहे. चिनी भाषा, कराराचा मसुदा वाचण्याची सवय, शेजारी देशाच्या राजवटीची घडण, हे सर्व हवेच. पण सीमेवरच्या माणसाचे अर्थशास्त्र त्याआधी हवे.

दिल्लीत राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालय १९६० पासून आहे, म्हणजे ‘लाल किल्ला’ अभ्यासाच्याच वर्षापासून. तेथे ब्रिगेडियरच्या दर्जाचे सेनाधिकारी आणि मुलकी अधिकारी एकत्र शिकतात. ती चांगलीच गोष्ट आहे. कारगिलनंतर संरक्षण विद्यापीठाची शिफारस झाली, २०१३ साली गुडगावजवळ बिनोला येथे पायाभरणीही झाली. पायाभरणीच्या कोनशिला हा आपला एक भरभराटीचा उद्योग आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी अशाच एका प्रशिक्षणवर्गात अर्थसंकल्पावर व्याख्यान द्यायला मला बोलावले होते. व्याख्यानानंतर एक अधिकारी उठून म्हणाले, “सर, एखादी खरेदी निरुपयोगी आहे असे माझे प्रामाणिक मत असेल, तर ते मी कोठे लिहायचे?” मी म्हणालो, “आपल्या वरिष्ठांकडे.” ते नम्रपणे हसले आणि खाली बसले. चहाच्या वेळी संयोजकांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की असले प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे आहेत. माझ्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

त्या अधिकाऱ्याला खरे उत्तर देणे संसदेच्या हाती आहे. संरक्षणविषयक स्थायी समिती १९९३ पासून आहे. ज्येष्ठ अधिकाऱ्याचे लेखी मतभेद या समितीपुढे, गुप्ततेचे बंधन पाळून, ठेवण्याची तरतूद व्हावी आणि मंत्र्याने त्याला ठराविक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. निवृत्तीनंतर काही वर्षे कोणत्याही सेनाधिकाऱ्याला पक्षाची उमेदवारी किंवा राज्यपालपद घेता येऊ नये. पुढच्या खुर्चीवर डोळा ठेवून दिलेला सल्ला सल्ला राहत नाही. आपल्या पक्षाने संसदेत आणि संसदेबाहेर या दोन मागण्या लावून धराव्यात. जिल्हा शाखांनी आपल्या भागातील माजी सैनिकांना, केवळ जनरलांना नव्हे, तर सुभेदार-हवालदारांनाही, अभ्यासवर्गाला बोलावून प्रथम त्यांचे ऐकावे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या शाखांना अशी माणसे शोधायला गावाबाहेर जावे लागणार नाही.