लिंबाच्या झाडावरच्या अळ्या मोजल्या असत्या तर

आमच्या रुग्णालयाच्या आवारात, ओपीडीच्या मागे, एक लिंबाचे झाड आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडावी तशा दिसणाऱ्या बारीक अळ्या होत्या. वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले होते. आवारात धूरफवारणी करावी, असे पत्र मीच दिले आणि फवारणी झाली. आठवड्याने पाहिले तर झाडावर एकही अळी नव्हती. धुराने मेल्या, कोषात गेल्या, की बुलबुलांनी टिपल्या? सांगता येईना. आधी किती होत्या हे कोणी लिहून ठेवले नव्हते, मीसुद्धा नाही.

केसपेपरवर तारीख नसेल तर आम्ही विद्यार्थ्यांना रागावतो. साथरोगांच्या साप्ताहिक अहवालात रुग्ण नसतील तर ‘शून्य’ लिहावेच लागते. रिकामा रकाना म्हणजे रुग्ण नव्हता की पाहिलेच नाही, हे कळत नाही. फुलपाखरांच्या बाबतीत आपला जवळजवळ सगळा तक्ता रिकामा आहे.

ब्रिटनमध्ये १९७६ पासून स्वयंसेवक ठरलेल्या वाटेने आठवड्याला एक फेरी मारून फुलपाखरे मोजत आले आहेत. यातले बहुतेक जण शास्त्रज्ञ नाहीत. तरी कोणत्या जाती घटल्या आणि कोणत्या तापमानवाढीबरोबर उत्तरेकडे सरकल्या, हे त्यांच्या वह्यांमुळे आज आकड्यांत सांगता येते. आपल्याकडे उत्साह कमी नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखरू घोषित केले, असे करणारे हे देशातले पहिले राज्य. २०२० पासून सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरू महिना साजरा होतो. पण आपला कॅमेरा आंबोलीच्या दुर्मीळ फुलपाखरासाठी निघतो. दारच्या कढीपत्त्यावरचे किंवा रस्त्याकडेच्या रुईवरचे रोजचे फुलपाखरू कोणी मोजत नाही. घटले तर आधी कळायला हवे ते याच रोजच्यांचे.

पतंगांची स्थिती याहून वाईट. भारतात फुलपाखरांच्या जाती सुमारे १,३००, तर पतंगांच्या १०,००० हून अधिक. विदर्भातले टसर रेशीम देणारा ऐन-अर्जुनावरचा किडा हा पतंगच. तरीही दिव्याशी आलेला पतंग दिसला की घरात झाडू शोधला जातो. त्याच्या पंखांची पूड डोळ्यांत गेली तर आंधळेपण येते का, असे पालक मला विचारतात. येत नाही. ती पूड म्हणजे सूक्ष्म खवले. डोळा चुरचुरला तर स्वच्छ पाण्याने धुवावा. त्रास होतो तो काही केसाळ सुरवंटांचा. अंगाला लागल्यास चोळू नका. चिकटपट्टी लावून अलगद उचला, म्हणजे त्वचेत अडकलेले केस निघतात, मग पाण्याने धुवा. केस डोळ्यांत गेले तर मात्र नेत्रतज्ज्ञच हवा.

नोंद करायची कशी? डेंग्यूसाठी आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगतो. पिंप, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करण्याचा तो दिवस. त्याच दिवशी सकाळी ऊन आल्यावर सोसायटीच्या किंवा शाळेच्या आवारात १५ मिनिटांची एकच ठरलेली फेरी मारा. तारीख, वेळ, ठिकाण, हवा, कोणते फुलपाखरू, किती आणि कोणत्या झाडावर, एवढे लिहा. नाव येत नसेल तर पंखांच्या वरच्या व खालच्या बाजूचे छायाचित्र घेऊन आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. जाणकार ओळखून देतात. पकडायची गरज नाही. काही जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही आहे. पतंगांसाठी पांढरी चादर आणि एक दिवा पुरतो. तासाभराने दिवा आठवणीने बंद करा, नाहीतर चादरीवर थकून बसलेले पतंग पहाटे पक्ष्यांचा नाश्ता होतात.

आता फवारणीचे. ती कधीच नको, असे मी म्हणणार नाही; साथ भडकली की गरज पडते. पण धुराने मरतो तो उडता डास, पिंपातली अळी नव्हे. डेंग्यूचा डास घरात, पलंगाखाली आणि पडद्यामागे दबा धरतो. बागेत सोडलेला धूर त्याच्यापर्यंत किती पोहोचणार? झुडपांतले इतर कीटक मात्र त्यात सापडतात, कारण ही औषधे डास आणि फुलपाखरू असा भेद करत नाहीत. पिंपे भरलेली ठेवून ‘फवारणी करा’ म्हणून नगरसेवकाला फोन करणे सोपे असते. रुग्ण नसलेल्या भागात केवळ तक्रार आली म्हणून धूर सोडू नये, आणि फवारणीची तारीख रहिवाशांना आधी कळवावी, एवढी मागणी आपण स्थानिक प्रशासनाकडे करू शकतो. तारीख कळली की आदल्या दिवशी आणि नंतरच्या आठवड्यांत मोजता येते. मग माझ्यासारखे नुसते तर्क करत बसावे लागणार नाही.

यंदा जूनपासून ओपीडीच्या मागच्या दाराला दोरीने एक वही टांगली आहे. नर्सिंगच्या मुली आणि आमचे माळीकाका दर शनिवारी ती भरतात. माळीकाकांना इंग्रजी नावे येत नाहीत, पण रुईवरची पट्टेदार अळी आणि तिचे नारिंगी फुलपाखरू ते अचूक जोडतात. गेल्या शनिवारी धो धो पाऊस होता. तारखेपुढे त्यांनी ‘पाऊस, शून्य’ असे लिहून सही केली आहे.