विश्लेषण : कीबोर्ड घेताना आवाजाआधी पट्ट्या का तपासायला हव्यात?

गणेशोत्सव, नवरात्र, लग्नसराई आणि वाद्यवृंदांचे दौरे, कीबोर्डवादकाला काम देणारे हंगाम अनेक आहेत. त्यासाठी नवा कीबोर्ड घ्यायची वेळ आली की चर्चा सुरू होते ती आवाजांची. टोन किती, ताल किती, तबला-ढोलकी खरी वाटते का, बासरी कशी आहे. ज्या पट्ट्यांवर वादकाची बोटे रोज तासन्‌तास पडणार असतात, त्यांचा विचार मात्र पैसे मोजून झाल्यावर होतो. हा क्रम उलटा करणे गरजेचे आहे. कारण कीबोर्डचा आवाज पुढे बदलता येतो, पट्ट्यांची चाल कधीच बदलता येत नाही.

पट्ट्यांची ‘चाल’ म्हणजे नेमके काय?

पट्टी दाबायला किती जोर लागतो, ती किती खोल जाते, सोडल्यावर किती चटकन वर येते आणि बोटाच्या जोराला वाद्य कसे उत्तर देते, या सगळ्याला मिळून वादक ‘की ॲक्शन’ किंवा पट्ट्यांची चाल म्हणतात. पट्टीखाली सहसा दोन संवेदक असतात. पट्टी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेगाने पोहोचली, यावरून स्वर हळू वाजवायचा की जोरात, हे वाद्य ठरवते. हा वेग ‘मिडी’ या १९८३ मध्ये आलेल्या पद्धतीत १ ते १२७ अशा आकड्यांत मोजला जातो. काही वाद्यांत तीन संवेदक असतात. त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. झपाट्याने एकच स्वर घोटणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

चालीचे प्रकार किती?

ढोबळमानाने तीन. पहिली, स्प्रिंगवर चालणारी हलकी पट्टी. घरगुती कीबोर्डपासून अनेक सिंथेसायझरपर्यंत ती आढळते. दुसरी, अर्धवजनी. यात स्प्रिंगच्या जोडीला थोडे वजन देऊन पट्टीला अंग दिलेले असते. तिसरी, हातोडीची चाल. पट्टी दाबताच आत एक छोटी हातोडी हलते आणि पियानोसारखा भार बोटाला जाणवतो. यातच खालच्या स्वरांकडे पट्ट्या जड आणि वरच्या स्वरांकडे हलक्या करत नेण्याचीही पद्धत आहे. याखेरीज ऑर्गनच्या पट्ट्या असतात. त्यांच्या पुढच्या कडेला ओठ नसतो, कड सरळ खाली उतरते. त्यामुळे तळहाताने घसरत वाजवताना बोचत नाही.

हातोडीचे वजन आले कुठून?

इटलीतील फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास बार्टोलोमेओ क्रिस्तोफोरी याने पियानो घडवला. त्यात पट्टी दाबली की तरफेच्या साह्याने हातोडी उसळून तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. तार वाजवण्यासाठी हातोडीला वजन लागते, म्हणून पट्टीलाही भार येतो. आजच्या पियानोत पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅमचा भार लागतो आणि ती सुमारे १० मिलिमीटर खोल जाते.

इलेक्ट्रॉनिक वाद्यात तार नाही, त्यामुळे हातोडीची गरजही नाही. तिथले वजन पियानो शिकलेल्या बोटांच्या सवयीसाठी घातलेले असते. ही सवय मोलाची आहेच. पण ज्याला ती सवय नाही, त्याने ते वजन विकत घेऊन खांद्यावर का वाहावे, हा प्रश्न दुकानात फारसा विचारला जात नाही.

जड पट्टी म्हणजे चांगली पट्टी?

बाजारात असा समज पक्का आहे. ‘८८ पट्ट्या, पूर्ण वजनी’ हे शब्द ऐकले की वाद्य व्यावसायिक दर्जाचे वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. यामाहाचा डीएक्स७ १९८३ मध्ये आला, रोलँडचा डी-५० १९८७ मध्ये, कॉर्गचा एम१ १९८८ मध्ये. त्या दशकातील पॉप आणि चित्रपट संगीतावर या वाद्यांची छाप आहे. तिन्हींना पट्ट्या ६१ च होत्या आणि एकातही हातोडी नव्हती. बोटाचा जोर मात्र तिन्ही ओळखत होते. भावपूर्ण वादनासाठी पट्टीने वेग नीट ओळखावा लागतो, ती जड असावीच लागते असे नाही.

उलट बाजूही पाहायला हवी. पाश्चात्त्य पियानोच्या परीक्षा देणाऱ्या, शोपाँ किंवा बाख वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला हातोडीच्या चालीला पर्याय नाही. हलक्या पट्टीवर तयार झालेला हात खऱ्या पियानोसमोर बसला की कमी पडतो. जॅझ किंवा बॅलड गाण्यांत पियानोचाच आवाज मुख्य असेल, तरीही हातोडीची चाल अधिक नियंत्रण देते. जड पट्टीमुळे वाद्य श्रेष्ठही ठरत नाही आणि निरुपयोगीही ठरत नाही. ती विशिष्ट कामासाठी आहे, एवढेच.

पेटीवरून आलेल्या हाताला काय हवे?

महाराष्ट्रात आणि गोव्यात कीबोर्डकडे येणारे अनेक हात पेटीवर घडलेले असतात. पेटीची पट्टी ही मुळात हवेची झडप उघडणारी. ती जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, स्वर तेवढाच येतो. लहानमोठेपणा भात्यातून येतो. त्यामुळे पेटीवादकाचे बोट हलके, चपळ आणि पट्टीला चिकटून चालणारे असते. मुरकी, खटका, वेगवान तान या गोष्टी त्याच हलकेपणावर उभ्या असतात.

असा हात थेट हातोडीच्या पट्टीवर ठेवला की दोन अडचणी येतात. द्रुत तानेत पट्टी वेळेत वर येत नाही, म्हणून वादक जोर लावतो आणि मनगट ताठरते. दुसरे म्हणजे, बोटाच्या जोराने आवाज कमीजास्त होतो याची सवय नसल्याने एक स्वर ओरडतो, दुसरा गिळला जातो. अशा वादकाने अर्धवजनी पट्टीपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. शिवाय मींड दाखवायची तर डावा हात चाकावर असतो. म्हणजे सुरावटीचा सगळा भार एकाच हातावर येतो. तिथे पट्टी जितकी सोपी, तितका हात मोकळा.

पट्ट्या ८८ घ्याव्यात, ७३ की ६१?

८८ पट्ट्या म्हणजे सव्वासात सप्तके, ७३ म्हणजे सहा आणि ६१ म्हणजे पाच. नेहमीची पेटी साडेतीन सप्तकांत ४२ पट्ट्यांवर सगळी मैफल निभावते. गायकाची पट्टी काळी एक असो वा पांढरी चार, कीबोर्डवर एक बटण दाबून स्वर सरकवता येतो. त्यामुळे साथीच्या बहुतेक कामांना ६१ पट्ट्या पुरतात. दोन्ही हातांनी पियानो वाजवणाऱ्याला, किंवा डाव्या हाताला बास आणि उजव्या हाताला सुरावट असे विभाजन करणाऱ्याला ७३ पट्ट्या सोयीच्या. ८८ पट्ट्या लागतात त्या मुख्यतः पियानोच्या रचनांसाठी.

यातला खरा फरक किलोमध्ये दिसतो. यामाहाचा सीपी८८ हा ८८ पट्ट्यांचा स्टेज पियानो १८.६ किलोचा, तर त्याच मालिकेतील सीपी७३ हा १३.१ किलोचा आहे. रोलँडचा आरडी-२००० हा २१.७ किलोचा, तर आरडी-८८ हा १३.५ किलोचा. ६१ अर्धवजनी पट्ट्यांचा यामाहा वायसी६१ मात्र ७.१ किलोत मावतो. ही सगळी वजने पिशवी, स्टँड, पेडल आणि तारा वगळून आहेत. टणक पेटी घेतली तर हा भार आणखी बराच वाढतो.

‘नेण्याजोगा’ हा शब्द जाहिरातीत सहज छापला जातो. त्याचा कस लागतो तो लिफ्ट नसलेल्या सभागृहाच्या जिन्यावर आणि रात्री एक वाजता कार्यक्रम संपल्यावर. जवळजवळ १.३ मीटर लांबीचे ८८ पट्ट्यांचे वाद्य रिक्षात आडवे बसत नाही. म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाला मोठ्या गाडीचे भाडे आले. देशांतर्गत विमानप्रवासात अनेक कंपन्या १५ किलोपर्यंतच सामान मोफत नेऊ देतात. १३-१४ किलोचे वाद्य पेटीत घातले की ती मर्यादा ओलांडली जाते. वाद्याची किंमत एकदाच मोजावी लागते, त्याचे वजन मात्र दर कार्यक्रमाला.

हाताच्या मापाचा प्रश्न कुठे येतो?

प्रमाण कीबोर्डवर एका सप्तकाची रुंदी साधारण १६५ मिलिमीटर असते. हे माप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जवळपास गोठलेले आहे. लहान हाताच्या वादकांना, त्यातही अनेक स्त्रियांना, सप्तक कवेत घेताना पंजा ताणावा लागतो. प्रख्यात पियानोवादक योझेफ हॉफमान यांच्यासाठी स्टाइनवे कंपनीने किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते. मंचावरील कीबोर्डच्या बाजारात हा पर्याय सहसा मिळत नाही. म्हणून ज्याचा पंजा लहान, त्याने पट्टीचा भार तरी कमी निवडावा. ताणलेल्या हाताने जड पट्टी दाबत राहणे ही दुखण्याला दिलेली हाक आहे.

दुखणे केवळ जड पट्टीने येते असेही नाही. अगदी हलक्या पट्टीला प्रतिकार नसतो. बोट थेट तळावर आदळते आणि तो धक्का सांध्यात जातो. तळाचा नमदा मऊ आहे की कडक, हे म्हणूनच महत्त्वाचे. स्टँडची उंचीही तितकीच. उभे राहून वाजवताना कोपर आणि पट्ट्या साधारण एका पातळीत हव्यात. कलाकाराचा हात हेच त्याचे भांडवल असते. बोटे बधिर होत असतील किंवा मनगट दुखत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून पुढे रेटण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

आवाज खरेच नंतर बदलता येतो?

होय. आजच्या बहुतेक कीबोर्डना यूएसबी जोडणी असते. लॅपटॉप, टॅब किंवा फोनवरील ॲप जोडून वेगळा पियानो, ऑर्गन किंवा सतार वाजवता येते. पट्ट्यांबाबत तशी सोय नाही. वाद्यात ‘टच’ची निवड असते, हलका, मध्यम, जड. पण ही निवड पट्टीचा भार बदलत नाही. तेवढ्याच जोराला आवाज किती मोठा यावा, एवढेच ती बदलते. बोटाला लागणारे कष्ट तेच राहतात.

दुसरी मेख अशी की आवाज व्हिडीओत ऐकू येतो, स्पर्श येत नाही. फोनवर परीक्षणे पाहून कीबोर्ड मागवणारा ग्राहक नेमकी तीच गोष्ट न तपासता विकत घेतो, जी नंतर सुधारता येणार नाही.

दुकानात काय तपासावे?

पहिली चाचणी आवाज बंद करून. किमान १५ मिनिटे नेहमीच्या तयारीतले वाजवावे. हात दमला का, पट्ट्यांचा खटखटाट किती होतो, हे आवाज नसतानाच कळते. मग आवाज सुरू करून एकच स्वर अगदी हळू, पुन:पुन्हा वाजवावा. काही स्वर गायब होत असतील तर मंद लयीच्या गाण्यात ते दगा देणार.

तिसरी चाचणी पट्टीच्या आतल्या टोकाला. काळ्या पट्ट्यांच्या मधोमध बोट घालून पांढरी पट्टी दाबून पाहावी. कमी खोलीच्या सडपातळ वाद्यांत पट्टीची तरफ आखूड असते, त्यामुळे आतल्या बाजूला ती बरीच जड लागते. काळ्या पट्टीच्या सुरात वाजवणाऱ्याला हा फरक दर मिनिटाला जाणवतो.

चौथी, वाद्य पिशवीत घालून दुकानाचा जिना एकदा चढून उतरावा. हसू येईल, पण महिन्याला दहा कार्यक्रम करणाऱ्यासाठी याहून खरी चाचणी नाही.

जुने वाद्य घेताना प्रत्येक पट्टी सारख्याच जोराने वाजवावी. एखादा स्वर अचानक फार मोठा येत असेल तर खालच्या संवेदकांत धूळ किंवा झीज असण्याची शक्यता आहे. पट्टी आडवी किती हलते तेही पाहावे. धुळीत आणि दमट हवेत वाजलेल्या वाद्यांची ही तपासणी टाळू नये.

मग निवड करायची कशी?

पियानो शिकणाऱ्याने हातोडीच्या ८८ पट्ट्या घ्याव्यात, मात्र शक्य तितक्या हलक्या वजनाचे वाद्य पाहावे. वाद्यवृंदात, भजनात, लग्नाच्या मांडवात साथ करणाऱ्याने ६१ अर्धवजनी पट्ट्यांना प्राधान्य द्यावे. दोन्ही प्रकारचे काम असणाऱ्याला ७३ पट्ट्यांचा मध्यममार्ग आहे. आर्थिक ताकद असेल तर खाली हातोडीचा आणि वर हलक्या पट्ट्यांचा, असे दोन कीबोर्ड दुमजली स्टँडवर लावण्याची व्यावसायिकांची जुनी रीत आहेच.

किंमत जास्त म्हणून पट्टी आपल्या बोटाची होत नाही. दुकानदार, गुरू, मित्र किंवा परीक्षक यांच्यापैकी कुणाचाही हात खरेदीदाराच्या मनगटाला जोडलेला नसतो. पंधरा मिनिटे शांतपणे वाजवून ज्या पट्ट्यांवर बोटे विसावतात, तोच कीबोर्ड योग्य. त्याच्या आवाजांची यादी दुसऱ्या दिवशी वाचली तरी चालेल.