बदलीवरचा नायक

चित्रपटातला गुप्तहेर वेषांतर करून शत्रूच्या गोटात शिरतो, तेव्हा तिथले मोठमोठे सेनापतीसुद्धा त्याला ओळखत नाहीत. पण त्या गुप्तहेराचे काम करणारा नट बदलला, की पिटातले शेंबडे पोरही ते पहिल्या झटक्यात ओळखते आणि ओरडते, "अरे, हा तो नव्हे!" गुप्तहेराने नाव बदललेले आपल्याला चालते, पासपोर्ट बदललेला चालतो, खोटी दाढी तर हवीच असते. फक्त दाढीच्या आतला माणूस बदललेला चालत नाही.

२०२१ मध्ये डॅनियल क्रेगने जेम्स बाँडच्या भूमिकेतला आपला पाचवा आणि शेवटचा चित्रपट केला, आणि "आता पुढचा कोण?" हा प्रश्न लंडनइतकाच आमच्या गिरगावातही चघळला जाऊ लागला. बाँडची नेमणूक आमच्या हाती नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण जे आपल्या हाती नाही त्यावर मत द्यायचे मुंबईच्या माणसाने सोडले, तर संध्याकाळी त्याने करायचे काय? क्रिकेटचा संघ तरी कुठे आपल्याला विचारून निवडतात?

या विषयावर गिरगाव, दादर आणि लालबाग अशा तीन ठिकाणची मते मी गोळा केली आहेत. गोळा केली म्हणजे काय, तर चहा पीत ऐकली. ती सांगतो.

गिरगावचे मत नेहमी इतिहासापासून सुरू होते. त्यात नवल नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' इथल्याच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, एका खाणावळीतले आचारी. पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त रामही तेच आणि सीताही तेच! ज्यांच्या पणजोबांनी एकाच माणसाला राम आणि सीता म्हणून हात जोडले, त्यांच्या नातवंडांना बाँडचे केस सोनेरी का, याचा इतका त्रास व्हावा, हे जरा चमत्कारिकच.

पण होतो खरा. आमच्या चाळीतले तळमजल्यावरचे मास्तर शॉन कॉनरीच्या पुढे पाऊल टाकायला तयार नाहीत. १९६२ चा 'डॉक्टर नो' म्हणजे त्यांची पोथी. त्यांचे चिरंजीव रॉजर मूरचे भक्त. १९७३ ते १९८५ या बारा वर्षांत मूरने सात बाँडपट केले. त्यांतला 'ऑक्टोपसी' उदयपूरला चित्रित झाला, त्यात आपला कबीर बेदी आणि टेनिसवाला विजय अमृतराज होता, म्हणून मूर त्यांना जवळजवळ घरचाच वाटतो. मास्तरांच्या नातवाला यांतले कुणीच खपत नाही. त्याचा देव डॅनियल क्रेग. एका खोलीत तीन पिढ्या आणि तीन बाँड. मधे बोलायला गेलो तर चहा मिळायचा नाही, म्हणून मी गप्प बसतो.

गप्प बसल्यावर मात्र एक हिशेब माझ्या ध्यानात आला. ज्याचा त्याचा खरा बाँड कोण, तर वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरी न सांगता जो पाहिला तो. मास्तर कॉनरीचे गुण गातात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कॉनरी नसतोच. असतो तो तिकिटासाठी जमवलेल्या आण्यांचा खुळखुळाट, पडद्यावरच्या मोटारीला दिलेली शिट्टी, आणि उशिरा घरी आल्यावर खाल्लेला मार. नवा नट आला की ही सगळी शिदोरी त्याने हिसकावून घेतली असे आपल्याला वाटते. तो बिचारा फक्त कोट घालून उभा असतो.

दादरचे मत निराळे. ते नाटकवाल्यांचे. दादरला माझी आत्या राहते. तिने शिवाजी मंदिराच्या पायऱ्या जितक्या चढल्या आहेत, तितक्या स्वतःच्या घराच्याही चढल्या नसतील. ती म्हणते, "अरे, एवढा गहजब कशाला? याला रिप्लेसमेंट म्हणतात." मराठी नाटकात हा शब्द मराठीच झाला आहे. १९७० साली 'नटसम्राट' रंगभूमीवर आले, तेव्हा डॉक्टर श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर पाहून लोक हादरून गेले. आता दुसरा कुणी हे करू शकणार नाही, असे जो तो म्हणू लागला. पुढे दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, आणि मग दादरला नवाच वाद सुरू झाला की, या तिघांत श्रेष्ठ कोण! काशिनाथ घाणेकरांनी १९६६ च्या 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या असा गाजवला की, ती भूमिका त्यांच्या नावावरच चढली. तरीही २०१९ मध्ये सुबोध भावे त्याच लाल्याचा गॉगल लावून उभा राहिला आणि लोक तिकीट काढून आत गेले.

आत्याचे म्हणणे असे की, भूमिका म्हणजे भाड्याची खोली. पहिला भाडेकरू कितीही चांगला असला तरी घर काही त्याचे होत नाही. पागडीच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईने हे म्हणावे, याचे मला मोठे कौतुक वाटते.

आता तुम्ही म्हणाल, बाँड तर साहेबांचा. आपल्याकडे असे कधी घडले का? घडले, आणि त्यात आमच्या गिरगावचा वाटा मोठा आहे. एकशेसोळा नंबरचा गुप्तहेर गोपाळ आठवतो का? १९६७ चा 'फर्ज'. गोपाळ झाला होता जितेंद्र, म्हणजे गिरगावच्या चाळीत वाढलेला रवी कपूर. वडिलांचा खोट्या दागिन्यांचा धंदा. ते दागिने व्ही. शांतारामांच्या परळच्या राजकमलमध्ये पोहोचवता पोहोचवता पोरगा तिथे चिकटला. आधी किरकोळ कामे केली, संध्याबाईंचा डबल म्हणूनही उभा राहिला, आणि १९६४ मध्ये 'गीत गाया पत्थरों ने'मध्ये नायक झाला. पण त्याला खरे चलन मिळवून दिले ते 'फर्ज'ने. पांढरे बूट घालून नाचणारा हेर लोकांनी याआधी पाहिला नव्हता. हेराने खरे तर काळे बूट घालावेत, म्हणजे अंधारात दिसत नाहीत. पण चाळीतल्या पोराला हेर व्हायला मिळाले तर तो दिसण्यासाठीच होणार!

गंमत पुढेच आहे. हा गोपाळ मुळात जितेंद्रचा नव्हेच. 'फर्ज'च्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, तेलुगूत 'गूढाचारी ११६' आला होता आणि त्यात हे काम कृष्णा या नटाने केले होते. म्हणजे आपण ज्याला मूळचा समजलो तोच मुळी दुसरा. बरे, १९७३ मध्ये दिग्दर्शक रविकांत नगाइच यांनी 'कीमत' काढला, तेव्हा त्याच एकशेसोळा नंबरच्या गोपाळचे काम धर्मेंद्रकडे गेले. गिरगावचा सडपातळ गोपाळ एकाएकी पंजाबी पैलवान झाला. आणि १९८२ मध्ये, 'रक्षा'मध्ये, जितेंद्र पुन्हा आपल्या जागेवर हजर! नंबर तोच, नाव तेच, माणसे मात्र आलटून पालटून. कॉनरी गेला, लेझनबी आला, कॉनरी परतला, ही बाँडची कथा तुम्ही कौतुकाने सांगता. तिचा हिंदी खेळ आपल्याच पडद्यावर होऊन गेला.

१९८२ हे साल लिहिले आणि मला लालबागचे मामा आठवले. त्यांचे मत मी मुद्दाम शेवटी ठेवले होते.

ज्या वर्षी गोपाळ पडद्यावर कामाला परत लागला, त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरणगावातले सुमारे अडीच लाख कामगार डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, आणि त्यांतले हजारो पुन्हा कधी कामाला लागलेच नाहीत. मामा त्यांतले एक. त्याआधी कित्येक वर्षे ते गिरणीत बदली कामगार होते. आजच्या पोरांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. कायम कामगार गैरहजर राहिला, तर त्याच्या साच्यावर उभा राहायचा तो बदली. भोंग्याच्या आधी गेटावर यायचे, पास घेऊन उभे राहायचे, आणि जॉबरने बोट दाखवले तर आत, नाही तर घरी. आत गेले तरी साचा दुसऱ्याचा. त्या साच्याच्या खोडी त्या कायमवाल्याला ठाऊक. सूत कुठे तुटते, कुठे हात हलका ठेवायचा, हे सगळे त्याच्या अंगवळणी पडलेले. बदलीवाल्याने पहिल्याच पाळीत तसेच कापड काढावे, ही अपेक्षा. कापडात दोष निघाला की, "बदलीवालाच तो!" आणि कापड चांगले निघाले तर? तर कायमवाल्याचा साचा उत्तम!

मामांनी लालबागच्या भारतमातात मराठी चित्रपट पुष्कळ पाहिले, आणि साहेबी मारामारीचे चित्रपटही त्यांनी सोडले नाहीत. मी त्यांना नव्या बाँडविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पाळी भरू दे रे त्याची. मग बघू."

या एका वाक्याने बाँडची साठ वर्षे मला नव्याने दिसली. कॉनरीचेच घ्या. एडिंबरोला दूध घालणारा हा पोरगा बाँडचा जनक इयान फ्लेमिंग यालाच आधी पसंत नव्हता. त्याला तो फार रांगडा वाटला. पण काम पाहून फ्लेमिंगचे मत असे फिरले की, १९६४ च्या कादंबरीत त्याने बाँडला बापाकडून स्कॉटिश करून टाकले. पुढे १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज लेझनबी आला. मूळचा मोटारी विकणारा, मग जाहिरातीतला मॉडेल. एकच चित्रपट केला आणि आणखी करणार नाही असे त्यानेच सांगून टाकले. तेव्हा समीक्षकांनी नाके मुरडली आणि निर्मात्यांनी कॉनरीला साडेबारा लाख डॉलर मोजून १९७१ मध्ये परत आणले. आज त्याच १९६९ च्या चित्रपटाला उत्तम बाँडपटांत गणणारे जाणकार पुष्कळ आहेत. पण कौतुक आले तेव्हा पाळी संपून जमाना झाला होता.

टिमथी डाल्टनने १९८७ आणि १९८९ मध्ये दोन चित्रपट केले. मूरच्या थट्टामस्करीनंतर त्याचा कडक चेहरा अनेकांना सोसला नाही. आणि तोच कडकपणा २००६ मध्ये क्रेगने आणला तेव्हा लोक म्हणाले, वा, असा हवा! त्याआधी, म्हणजे २००५ च्या ऑक्टोबरात त्याचे नाव जाहीर झाले, तेव्हा मात्र कहर उडाला होता. केस सोनेरी, उंची कमी, चेहरा हमालासारखा, एक ना दोन. थेम्स नदीतून बोटीने त्याला पत्रकारांपुढे आणले, तर त्याने अंगात जीवरक्षक जाकीट घातले म्हणून त्याची टिंगल झाली. बाँड आणि बुडायला घाबरतो! 'कॅसिनो रॉयल' लागला आणि त्याने तोवरच्या सगळ्या बाँडपटांपेक्षा जास्त गल्ला जमवला. टिंगल करणाऱ्यांपैकी कितीजण पहिल्या आठवड्यात रांगेत होते, हे तिकिटाच्या खिडकीलाच ठाऊक.

आपल्याकडेही २०२३ मध्ये 'डॉन'साठी रणवीर सिंगचे नाव जाहीर झाले, तेव्हा "शाहरूखशिवाय डॉन कसला?" म्हणून ओरड झाली. २००६ मध्ये अशीच ओरड अमिताभसाठी झाली होती, हे ओरडणारे विसरून गेले. आजचा बदली उद्याचा कायम होतो, आणि त्याच्यासाठी आपण परवाच्या बदलीला शिव्या घालतो.

यावर मास्तर मला विचारतात, "म्हणजे प्रेक्षकाने मत द्यायचेच नाही की काय?" द्यावे की! तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याने मत द्यावे, जोरात द्यावे, मध्यंतरात वडा खाताना द्यावे. वाईट काम केले तर वाईटच म्हणावे. मामांनीसुद्धा दोषाचे कापड चांगले आहे असे कधी म्हटले नाही. माझे म्हणणे एवढेच की, ते मत कामावर असावे. केसांच्या रंगावर, बापाच्या धंद्यावर आणि आपल्या सोळाव्या वर्षावर नसावे. निदान गिरणगावच्या माणसाने तरी गेटावर उभ्या असलेल्या माणसाला आत सोडण्याआधीच नालायक ठरवू नये. गेटावर उभे राहणे म्हणजे काय, हे त्याच्या घरात कुणाला ना कुणाला ठाऊक आहे.

म्हणून नव्या बाँडविषयी माझे मत तुम्ही विचाराल, तर मी अजून राखून ठेवले आहे. पहिल्या खेळाची तिकिटे मात्र काढणार आहे, चार. एक मास्तरांचे, एक आत्याचे, एक मामांचे. मामांनी एकच अट घातली आहे, मास्तरांना त्यांच्या शेजारी बसवायचे नाही.