आजीला ससा रंगवायला देऊ नका



हा लेख काही जणांना झोंबेल हे ठाऊक असूनच लिहीत आहे. मी आयुष्यभर नर्सचे काम केले. सुई टोचताना "मुळीच दुखणार नाही हं" असे खोटे सांगण्याची सवय मला तेव्हाही नव्हती, आता साठी उलटल्यावर ती लागणार नाही.

मागच्या खनुकेच्या दिवसांत मी आमच्या गावातल्या वृद्धांच्या मोआदोनमध्ये गेले होते. मेणबत्त्या लावून झाल्या, सुफगानियोत खाऊन झाले, जुनी फिल्मी गाणी झाली. मग टेबलांवर कागद वाटण्यात आले. कागदावर छापील ससा, सशाच्या हातात गाजर. सोबत बालवाडीतले मेणाचे खडू, निम्मे तुटलेले. माझ्या शेजारी ओळखीच्या एक मावशी बसल्या होत्या, वय वर्षे ८६. ह्या मावशींनी परळला असताना आणि पुढे इथे आल्यावर मिळून चाळीस वर्षे शिवणकाम केले. नवरीचे माप नुसत्या नजरेने घेणारी बाई ही! तिच्यापुढे ससा. त्यांनी निमूटपणे सशाचे दोन कान रंगवले. तेवढ्यात तिथली मदतनीस मुलगी टाळ्या वाजवीत आली, "कोल हाकावोद, सावता!" मावशी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "पोरी, मी काय परत बालवर्गात गेले गो?"

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला जे शिकवले ते ती करते. दोष आपला आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांचे हात काय काय करू शकत होते, हे आपण त्या मुलीला कधी सांगितलेच नाही. आपणच ते विसरलो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. म्हाताऱ्या माणसाला गोळ्या, गरम जेवण आणि मेतापेलेत लागते, तितकेच हातांना आणि डोळ्यांना काम लागते. ते काम खरे असले पाहिजे, त्याच्या वयाला आणि अकलेला शोभणारे असले पाहिजे. वेळ काढायचे खेळणे म्हणजे काम नव्हे. आणि हे काम आपल्या वडीलधाऱ्यांना आज ना मोआदोन देते, ना आपली कमिटी देते, ना घरची माणसे देतात.

दुसऱ्यांवर बोट रोखण्याआधी माझ्या पदरातला दोष सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी वृद्धांच्या वॉर्डात काम करीत होते. आपल्यातलेच एक आजोबा तिथे होते. मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी नकाशे काढण्याची नोकरी केली होती. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती, उजवा हातही गेला होता. ते डाव्या हाताने पेन्सिल धरून जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर काहीतरी काढीत बसत. जेवण झाले की मी ताट उचलीत असे आणि कागद चुरगळून टोपलीत टाकीत असे. वॉर्ड स्वच्छ राहिला पाहिजे ना! ते गेल्यावर त्यांची मुलगी मला विचारू लागली, "बाबांनी माझ्यासाठी काही ठेवले का?" मी तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत चष्मा, कवळी आणि सिद्दूर दिला आणि सही घेतली. तो माणूस नऊ आठवडे रोज एक कागद बोलत होता आणि मी रोज तो फेकीत होते. चार्टवर मात्र मी लिहीत होते : "रुग्ण शांत आहे. बोलत नाही."

त्या दिवसापासून मी कोणाही म्हाताऱ्याचा कागद न पाहता फेकला नाही. पण उशीर व्हायचा तो झालाच होता.

कोणी म्हणेल, ह्या बाईचे मन हळवे झाले आहे. तर मग मनाच्या गोष्टी बाजूला ठेवू आणि आकडे पाहू. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने कला आणि आरोग्य ह्या विषयावरचे ३,००० हून अधिक अभ्यास एकत्र पाहून अहवाल प्रसिद्ध केला. आजार टाळणे, आजाराशी जमवून घेणे आणि बरे होणे, ह्या सर्व बाबतींत कलेचा उपयोग होतो असे त्यात दिसले. त्याच वर्षी इंग्लंडमधला एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पन्नाशीपुढच्या ६,७१० माणसांवर १४ वर्षे नजर ठेवली होती. जी माणसे दर काही महिन्यांनी संग्रहालय, चित्रप्रदर्शन, नाटक असे काही पाहायला जात, त्यांच्यात त्या काळात मरण येण्याचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. वर्षातून एकदोनदाच जाणाऱ्यांतही तो १४ टक्क्यांनी कमी होता.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ साली ८५ वर्षांवरच्या २५६ माणसांची हकीकत छापली. मध्यम वयात आणि उतारवयातही ज्यांनी चित्रे काढली किंवा शिल्पे घडवली, त्यांच्यात विसरभोळेपणाच्या दुखण्याची पहिली पायरी गाठण्याचा धोका ७३ टक्क्यांनी कमी होता. आणि आता आपल्या बायकांनी नीट वाचावे : शिवणकाम, गोधड्या, मातीकाम, सुतारकाम करणाऱ्यांतही तो ४५ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे आपल्या आज्या कोकणात दुपारच्या वेळी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत बसत, त्याची दखल आज मोठे डॉक्टर घेत आहेत. आणि आपण काय केले? सुई टोचेल म्हणून आईच्या हातातली गोधडी काढून घेतली आणि टीव्हीचा रिमोट दिला.

नर्स ह्या नात्याने हेही सांगणे भाग आहे की ह्या आकड्यांनी सर्व काही सिद्ध होत नाही. ज्याचे गुडघे धड आहेत तोच संग्रहालयात जाईल. तो मुळातच जास्त जगेल. संशोधकांनी आजार, पैसा, शिक्षण ह्यांचा हिशेब धरला आहे, तरी शंका उरतेच. म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करून ब्रश हातात घ्या असे मी मुळीच म्हणत नाही. पण ज्या गोष्टीत नुकसान नाही आणि फायद्याची इतकी चिन्हे आहेत, ती न करण्याला आपल्याजवळ कारण काय?

कारणे मी पुष्कळ ऐकली आहेत. एकेक घेते.

"चित्रे काढणे आपल्या धर्मात बसत नाही." असे सांगणाऱ्या गृहस्थांच्या घरी मी गेले आहे. त्यांच्या दिवाणखान्यात एलियाहू हन्नाबी रथातून स्वर्गात जात असल्याची तसबीर आहे, आणि ती त्यांच्या आजोबांपासून आहे! मूर्ती करून तिला नमन करू नये ही आज्ञा कोण नाकारतो? पण ज्या पुस्तकात ती आज्ञा आहे त्याच पुस्तकात बेसलेल आहे. देवाने त्याला नाव घेऊन बोलावले आणि त्याच्या हातांत कसब घातले. त्याच पुस्तकात सूत कातणाऱ्या शहाण्या स्त्रियाही आहेत. बेत आल्फाला जाऊन पाहा, सहाव्या शतकातल्या सिनेगॉगच्या फरशीवर बारा राशी चितारल्या आहेत. हे कारण आळसाचे आहे, धर्माचे नव्हे.

"हे श्रीमंतांचे चोचले. आपल्या लोकांना कुठली चित्रकला?" हे ऐकले की माझा संताप होतो. मी माझगावच्या कदूरी शाळेत शिकले. तिथे ड्रॉइंगचा तास असे. आमच्यातल्या किती तरी मुली सरकारच्या एलिमेंटरी परीक्षेला बसल्या. मुंबईत आपल्याच समाजात जन्मलेल्या सियोना बेंजामिन जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या आणि अमेरिकेत नामवंत चित्रकार झाल्या. नवरीच्या हातावरची मेंदी, क्रोशाचा रुमाल, मलिद्याचे मांडलेले ताट, ह्यांत डोळा आणि हात नाही तर काय आहे?

"पैसे कुठून आणायचे?" १९६२ साली हा देश गरीब होता. त्या वर्षी यरुशलेममध्ये मिरियम मेंदिलोव नावाच्या शिक्षिकेने भीक मागत बसलेल्या, रिकाम्या बसलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक कारखाना उघडला. सुरुवात बुकबाइंडिंगपासून केली. तीच "याद लाकाशीश" संस्था. तिथे आजही वृद्ध मंडळी भरतकाम, मातीकाम, धातुकाम करतात, त्यांच्या वस्तू दुकानात विकल्या जातात, त्यांना महिन्याचा भत्ता आणि दुपारचे जेवण मिळते. त्यांना कोणी टाळ्या वाजवून "शाबास सावता" म्हणत नाही. गिऱ्हाईक वस्तू हातात घेते, निरखते, आणि आवडली तर पैसे मोजते. मान ह्याला म्हणतात. आपली कमिटी एका संध्याकाळच्या हॉलवर, ऑर्केस्ट्रावर आणि बिर्याणीवर जितके खर्च करते, तितक्यात वर्षभराचे रंग, कागद, लोकर आणि एका शिक्षिकेचा पगार सहज निघेल.

"हात थरथरतात, दिसत नाही." हे मात्र खरे कारण आहे, आणि ह्यावर उपाय आहेत. ब्रशच्या दांड्याला स्पंज किंवा जुने फडके गुंडाळा, म्हणजे संधिवाताच्या बोटांना धरता येतो. कागद टेबलाला टेपने चिकटवा, म्हणजे एका हाताच्या माणसालाही जमते. खिडकीशी बसवा, पण डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नका. रंग थोडे आणि ठळक ठेवा. सकाळची वेळ धरा, पाऊण तासावर ताणू नका. बिनविषारी रंग घ्या, आणि ब्रशचे पाणी चहाच्या कपात कधीही ठेवू नका. ज्यांचे भान सुटले आहे ते ते पिऊन टाकतात, हे मी पाहिले आहे.

"आईने जन्मभर कष्ट केले, आता तिला आराम करू द्या." हे सगळ्यांत गोड कारण, आणि सगळ्यांत घातक. आराम म्हणजे खुर्चीत बसून भिंतीकडे पाहणे असेल तर असा आराम मी शेकडो माणसांना करताना पाहिला. पाठीला जखमा त्याच आरामाने होतात.

आता ससा नको तर काय हवे ते सांगते. आमच्या शाळेत स्मरणचित्र असे. समोर काहीही न ठेवता, आठवून काढायचे. त्या खनुकेनंतर मी चार जणांना माझ्या घरी बोलावले, जाड कागद आणि काळे पेन दिले, आणि म्हटले, "तुमचे घर काढा. इथले नको, पहिले." पहिली दहा मिनिटे कोणी हात लावला नाही. मग मावशींनी एक चौकोन काढला आणि म्हणाल्या, हा ओटा. अलिबागकडच्या एका काकांनी तेलाचा घाणा काढला आणि त्याला जुंपलेला बैल. रेघा थरथरत्या होत्या, पण घाण्याचा एकही भाग चुकला नाही. विहीर माडाच्या उजव्या अंगाला की डाव्या, ह्यावरून दोघे भांडले. चहा निवला.

संध्याकाळी काकांचा नातू त्यांना न्यायला आला. त्याला मराठी येत नाही, काकांचे हिब्रू तोडके. एरवी ह्या दोघांत "जेवलास का" ह्यापलीकडे बोलणे होत नाही. त्याने कागद पाहिला आणि विचारले, बैलाच्या डोळ्यांवर हे काय? काकांनी आपल्या डोळ्यांवर हात ठेवून, गोल गोल फिरून दाखवले. मग शब्बाथला बैल का सुटत असे, लोक आपल्याला शनवार तेली का म्हणत, हे सगळे त्या एका कागदावरून निघाले. भाषा आपल्या घरांतून गेली, ती परत येईल असे मला वाटत नाही. पण चित्राला भाषांतर लागत नाही. आपली शेवटची आठवण असलेली माणसे नव्वदीकडे चालली आहेत, आणि आपण त्यांना गाजर रंगवायला देत आहोत!

म्हणून माझ्या मागण्या ऐका. प्रत्येक गावी, अश्दोद असो, लोद असो, रामला, दिमोना की बेर शेवा, आपल्या सिनेगॉगच्या किंवा मोआदोनच्या खोलीत आठवड्यातून एक सकाळ ह्या कामासाठी राखून ठेवा. शिकवायला शिकलेला माणूस आणा. काढलेली चित्रे काढणाऱ्याच्या नावासह भिंतीवर लावा. वर्षातून दोनदा बसची सहल निघते तेव्हा कबरींच्या दर्शनाला जरूर जा, पण एकदा यरुशलेमच्या इस्राएल म्युझियमकडे बस वळवा. तिथे कोचीनच्या सिनेगॉगचा आख्खा अंतर्भाग उभा केला आहे. व्हीलचेअर लागेल त्यांना ती द्या, आणि अर्धा तास एकाच वस्तूपुढे बसू द्या. आणि पन्नाशीतल्या मुलामुलींनो, मेयो क्लिनिकवाल्यांनी मध्यम वयापासून म्हटले आहे, तेव्हा तुम्हीही आईशेजारी बसा.

१९६४ साली आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणे धरले आणि आपण पूर्ण यहुदी आहोत हे ह्या देशाकडून मान्य करून घेतले. त्या धरण्यात बसलेल्यांपैकी जे आज हयात आहेत, तेच ह्या टेबलांशी बसले आहेत. त्यांच्यासाठी एक खोली आणि चार ब्रश मागायची आपल्याला लाज वाटते काय?

कमिटीच्या मंडळींनी ह्याचे उत्तर पुढच्या अंकात द्यावे. शिव्या दिल्या तरी चालतील. पण सोबत खोलीचा पत्ता आणि वार कळवावा. रंग मी घेऊन येते.

— एक निवृत्त नर्स