नेट वाढवा म्हणे!

ऑनलाइन गेम अडकला की खेळणारा नेटला शिव्या घालतो, मॅनेजर म्हणतो मोठा सर्व्हर घ्या, आणि ज्याने कोड लिहिलाय तो शांतपणे चहा पीत बसतो. माझा राग या तिसऱ्यावर आहे. माझ्याच धंद्यातला ना तो!

आधी साधा हिशोब. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद गेलेच. केबल समुद्रातून वळसे घेत जाते, वाटेत राउटर लागतात, तो वेळ वेगळा. आता तुमचं कनेक्शन १० एमबीपीएसचं असो की १०००चं, हे ३९ कुठे जात नाहीत. एक्सप्रेसवेला दोन लेन वाढवल्या म्हणून पुणं मुंबईजवळ सरकत नाही हो. (घरात कुणी सिनेमा डाउनलोडला लावला की राउटरच्या रांगेत आपलं पॅकेट अडकतं, हे मान्य. पण तिथेही खरा इलाज रांग छोटी ठेवणं हाच.)

बरं, जे आपल्या हातात आहे ते तरी करतो का आपण? खेळाडूच्या हालचाली सर्रास टीसीपीवरून पाठवल्या जातात. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी, पोचलेली असूनही, ते परत येईपर्यंत ताटकळतात. अर्ध्या सेकंदापूर्वी गडी कुठे उभा होता हे आता कुणाला हवंय? वर नेगलचा अल्गोरिदम, १९८४ सालचा. आधीच्या पॅकेटची पोच येईपर्यंत तो छोटी पॅकेटं धरून ठेवतो, आणि पलीकडची बाजू पोच द्यायला मुद्दाम उशीर करते. 'पहले आप' चालूच! तो एका ओळीत बंद करता येतो. तरी ती ओळ नसलेला कोड मी पाहिलाय, आणि 'युजरचं नेट खराब' लिहून बंद केलेली तिकिटंही.

मोडेमच्या जमान्यात, १९९६ला, जॉन कारमॅकने क्वेकवर्ल्डमध्ये यावर तोड काढली. सर्व्हरची वाट न बघता तुमची हालचाल तुमच्या मशीनवर लगेच दाखवायची, सर्व्हरचं उत्तर आलं की चूकभूल दुरुस्त करायची. हे अजून 'ॲडव्हान्स्ड फीचर' म्हणून पुढच्या रिलीजवर ढकललं जातं... असो.

खरी गोम पुढे आहे. हाफ-लाइफमध्ये व्हॉल्व्हने केलं तसं, गोळी झाडली की सर्व्हर जग मागे नेतो आणि झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते बघून निकाल देतो. झाडणारा खूश. पण ज्याला लागली तो स्वतःच्या स्क्रीनवर केव्हाच भिंतीआड पोचलेला असतो! लॅग गेला नाही, फक्त त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं. जग किती मागे न्यायचं याची मर्यादा कमी ठेवली तर गडचिरोलीत मोबाइलवर २०० मिलिसेकंदांनी खेळणाऱ्या पोराची गोळी कधी लागणारच नाही. जास्त ठेवली तर मुंबईतला फायबरवाला भिंतीमागे मरणार. कुणावर अन्याय करायचा हे ठरवणारा तो एक आकडा, आणि तो बसलाय कुठल्यातरी कॉन्फिग फाइलमध्ये, कुणीतरी डेडलाइनच्या आदल्या रात्री टाकलेला. माझं म्हणणं, तो आकडा खेळणाऱ्यांना सांगा. भांडू देत त्यांना त्यावर.

आणि ऑफिसच्या लॅनवर मक्खन चालणारे डेमो बंद करा बुवा. लिनक्समध्ये नेटएम फुकट मिळतं. १५० मिलिसेकंद उशीर, ३० मागेपुढे, २ टक्के पॅकेटं गायब, एवढं लावा सोमवारी आणि स्वतःचाच गेम दहा मिनिटं खेळून दाखवा. मग बोलू नेटबद्दल.