विज्ञानकथा वाचायला पुण्यातच जन्माला यावं लागतं का?

परवा तुमसरच्या बसस्टँडवर एक जुने ओळखीचे मास्तर भेटले. माझ्या हातात दिवाळी अंकांचं पार्सल. बघून म्हणाले, "अजून तुमचं ते उडत्या तबकड्यांचं वेड गेलं नाही का जी? नातवंडांना वाचू द्या आता ते. तुम्ही काहीतरी गंभीर वाचा."

तेव्हा हसून सोडून दिलं. बसमध्ये बसल्यावर मात्र राग यायला लागला, तो अजून उतरला नाही. म्हणून हे लिहितोय. लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

मी नाकाडोंगरीचा. तुमसर तालुका, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. आजूबाजूला चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, बाकी धानाच्या बांध्या. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. चाळीस वर्षं विज्ञानकथा वाचतोय आणि जमेल तेव्हा स्वतःच्या खर्चानं संमेलनं करतोय. चंद्रपूर २०१२ ला गेलो, वर्धा २०२३ ला गेलो. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला गेलो तेव्हा एसटीचा संप चालू होता. पुतण्यानं मोटारसायकलवर तुमसर रोडला सोडलं आणि तिथून विदर्भ एक्सप्रेस पकडली. कशासाठी? तर जयंत नारळीकर संमेलनाध्यक्ष झाले होते म्हणून. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. तरी मला गेल्याचं समाधान आहे. मराठीच्या सर्वात मोठ्या मांडवात विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाचं नाव अध्यक्ष म्हणून लागलं होतं, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मला वाटलं, आता दार उघडलं. कसलं काय! एक सत्कार झाला, विषय संपला. २० मे २०२५ ला नारळीकर गेले तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, "मराठी विज्ञानकथेचे जनक" लिहिलं. त्यातल्या किती जणांनी त्यानंतर एक तरी नवी विज्ञानकथा वाचली? हात वर करा बरं.

मागे एका संमेलनात (नाव घेत नाही, कोणाचं मन दुखवायचं नाही) विज्ञानकथेचा परिसंवाद होता. वेळ बरोबर जेवणाची, जागा लहान मांडव. श्रोते सव्वीस, मी मोजले. वक्ते पाच. त्यातल्या तिघांनी सुरुवात केली ती "मी विज्ञानकथा फारशी वाचलेली नाही, पण..." अशी. ग्रामीण कथेच्या परिसंवादाला असं म्हणायची कोणाची हिंमत होईल का? दलित कवितेच्या?

तर मास्तरांचा पहिला आक्षेप, हे पोरासोरांचं वाचन. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा लेखकाची 'कृष्णविवर' कथा पहिली आली. ते जगताप म्हणजे नारळीकरच. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं, आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून. पुढच्याच वर्षी कराडच्या संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षपदावरून त्यांच्या कथेची दखल घेतली. दुर्गाबाई! त्यांना पोरकट वाङ्मय कळत नव्हतं असं म्हणायचंय का तुम्हाला? २००७ च्या नागपूर संमेलनाचे अध्यक्ष अरुण साधू. 'सिंहासन' सगळ्यांना पाठ. त्याच साधूंनी 'विप्लवा' ही विज्ञान कादंबरी लिहिली, ती किती जणांना माहीत आहे? लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी आयुष्यं घातली यात. आणि आपण म्हणायचं, उडत्या तबकड्या.

दुसरा मुद्दा आमच्याच लोकांबद्दल आहे. रागावू नका. विज्ञानकथेवर प्रेम करणारे बरेच जण म्हणतात, हिचं काम विज्ञानप्रसार, म्हणजे कडू गोळी गुळात घालून द्यायची. मला हे अजिबात पटत नाही. मला मोटारीचं शास्त्र शिकायचं असेल तर मी पुस्तक वाचीन, कथा कशाला? कथेतून धडा द्यायचा या हट्टापायी कितीतरी कथा मेल्या आहेत. दोन शास्त्रज्ञ समोरासमोर बसतात आणि तीन पानं एकमेकांना माहीत असलेलंच समजावून सांगतात. वाचक झोपतो, मग आम्हीच ओरडतो की वाचक नाही.

विज्ञानकथा करते काय, ते मला माझ्या दुकानात कळलं. आमच्याकडे लाइट गेली की कामं थांबतात. माझ्याकडे काम शिकायला येणारी पोरं मोबाइल काढून बसतात. एकदा मी त्यांना नारळीकरांची 'गंगाधरपंतांचं पानिपत' वाचून दाखवली. इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे १७६१ मध्ये मराठे पानिपत जिंकलेले आहेत. (हीच कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात आली. म्हणजे मराठी पोरगा ती इंग्रजीत शिकणार.) वाचून झाल्यावर एक पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मंग आपली खान कोनाची असती?"

विचार करा. नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं. त्यानंतर गोऱ्यांच्या कंपन्या आल्या, इथलं मँगनीज निघून परदेशात जायला लागलं. राज्य गेलं नसतं तर हा दगड कोणी काढला असता? भाव कोणाला मिळाला असता? की कोणी काढलाच नसता आणि इथे अजून जंगल असतं? इतिहासाच्या पुस्तकानं त्या पोराला हा प्रश्न कधी पडू दिला नव्हता. जे आहे ते असंच असायला पाहिजे होतं असं नाही, ही एक गोष्ट कळली की माणूस वेगळा विचार करायला लागतो. याला मी विज्ञानकथा म्हणतो. रॉकेट असलं काय नि नसलं काय.

तिसरा आक्षेप, गावात कोण वाचणार, ही शहरी मिजास आहे. लिऊ त्सिशिन हे नाव लक्षात ठेवा. चीनच्या शान्शी प्रांतातल्या कोळशाच्या पट्ट्यात, एका वीज केंद्रात तो कॉम्प्युटर इंजिनिअर होता. नोकरी करता करता त्यानं 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' लिहिली. २०१५ मध्ये तिला ह्युगो पुरस्कार मिळाला. तो कोळशाच्या मुलखात बसून जगासाठी लिहू शकतो, तर मँगनीजच्या मुलखात काय कमी आहे?

आणि तो ह्युगो कोण देतं? वाचक. विज्ञानकथेचं जागतिक संमेलन १९३९ पासून भरतंय, पहिलं न्यूयॉर्कला भरलं. वाचकच ते भरवतात, राबतात वाचकच, आणि सभासद मत देऊन पुरस्कार ठरवतात. आपल्याकडे संमेलनाध्यक्ष महामंडळ ठरवतं. पूर्वी मतदान होतं तेव्हाही मतदार हजारभरच. वाचकानं फक्त टाळ्या वाजवायच्या आणि पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी करायची. तिकडेही सगळं सोन्याचं नाही म्हणा. २०२३ च्या चेंगडू संमेलनात काही पुस्तकं कारण न सांगता अपात्र ठरवली गेली आणि जगभर बोंब झाली. पण ती बोंब वाचकांनीच मारली. कारण संमेलन आपलं आहे असं त्यांना वाटतं.

आता मुख्य मुद्दा. यात माझ्या आवडीनिवडीपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलंय.

आमच्या डोंगरी बुजुर्गला इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड बनतं. ते जातं ड्राय सेलमध्ये. म्हणजे तुमच्या रिमोटच्या सेलमध्ये आमच्या मातीचा अंश असू शकतो. शंभर वर्षांहून जास्त काळ ही माती खणली जातेय. दुसरीकडे, हिंदी महासागराच्या तळाशी बटाट्याएवढे गोळे पडलेत, त्यात मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबं आहे. तिथल्या ७५,००० चौरस किलोमीटर भागात शोध घ्यायचा करार भारतानं केलेला आहे. माणसं खाली नेणारी 'मत्स्य ६०००' पाणबुडी तयार होतेय. उद्या मँगनीज समुद्रातून निघायला लागलं तर आमचं काय? कंपनी, कामगारांची वसाहत, बाजार, माझं दुकान? आणि उलटं झालं, बॅटरीवाल्या गाड्यांमुळे मँगनीजला सोन्याचा भाव आला, तर धानाच्या बांध्या राहतील का?

यावर कथा कोणी लिहिली? मी इतके अंक चाळतो, मला सापडली नाही. मंगळावरच्या वसाहतीच्या कथा ढिगानं आहेत. माझ्या गावाच्या २०७५ सालाबद्दल एक ओळ नाही. जमीन मोजायला माणसं येतात तेव्हा त्यांच्या फायलीत आमचं भविष्य तयार असतं. आमच्याकडे उत्तर द्यायला दुसरं भविष्य नसतं. ज्याच्याकडे आपल्या उद्याची गोष्ट नाही, त्याला दुसऱ्याच्या गोष्टीतलं बिनानावाचं पात्र व्हावं लागतं. मास्तर, याहून गंभीर वाचन कोणतं असतं, सांगा.

आणि आमच्याकडे गोष्ट सांगायची साधनं नाहीत असंही नाही. झाडीपट्टीची नाटकं आहेत, थंडीत रात्रभर लोक बसून बघतात. दंडार आहे. झाडीबोलीचं स्वतंत्र साहित्य संमेलन भरतं. त्या बोलीत विज्ञानकथा का नको? परग्रहावरचा माणूस प्रमाण मराठीच बोलतो हे कोणी ठरवलं?

म्हणून नुसती तक्रार न करता तीन गोष्टी मागतो. संमेलनवाल्यांनो, विज्ञानकथेला जेवणाची वेळ देऊ नका आणि वाचलेले वक्ते बोलवा. वाचनालयवाल्यांनो, नारळीकरांच्या कपाटाला हार घातला, आता त्यांच्यानंतरच्यांची पुस्तकं मागवा. लिहिणाऱ्यांनो, पुढची कथा मंगळावर नेण्याआधी एकदा आमच्याकडे येऊन जा. चहा माझ्याकडून.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. लाइट गेली की दुकानात कथावाचन, आणि वाचून झाल्यावर प्रत्येकानं "नाकाडोंगरी २०७५" यावर पाच मिनिटं बोलायचं, झाडीबोलीतच. लाइट जायची कमी आमच्याकडे नाही, त्यामुळे उपक्रम बंद पडायची भीतीही नाही.

मास्तर, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हीही या. पहिली खुर्ची तुमची.