दाणे कबुतरांना, धाप आपल्याला

वाचकहो, आजचा विषय थोडा नाजूक आहे. मधुमेहावर किंवा रक्तदाबावर लिहिले तर कोणी रागावत नाही. पण 'कबुतरांना दाणे टाकू नका' असे म्हटले की समोरच्याचा चेहरा पडतो. डॉक्टर नास्तिक झाले की काय, अशी शंकाही येते. तरीही लिहितो आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे.

आमच्या दवाखान्यात पन्नाशीतल्या एक बाई नेहमी येत. तक्रार एकच, कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारा दम. विडी-तंबाखूचे व्यसन नाही, घरात गॅस आलेला, म्हणजे चुलीचा धूरही नाही. थुंकी दोनदा तपासली, क्षयरोगाचे जंतू निघाले नाहीत. छातीचा एक्स-रे काढला, त्यातही ठळक काही दिसले नाही. मी दम्याचे निदान केले, पंप दिला, खोकल्याचे औषध दिले. चार दिवस बरे वाटायचे, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असे आठ महिने चालले.

मध्यंतरी त्या लेकीकडे पंधरा दिवस राहून आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तिकडं खोकला नव्हताच बघा. घरी आले अन् पुन्हा सुरू." मी हसून म्हणालो, "ताई, लेकीचं घर मानवलं तुम्हाला." खरे तर त्या वाक्यातच निदान होते. मी ते विनोदावारी नेले.

पुढे त्यांच्या सासूबाईंना तपासायला मी त्यांच्या घरी गेलो आणि गच्चीकडे लक्ष गेले. शंभरेक पारवे. कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर, कूलरच्या मागे विष्ठेचे पांढरे थर. बाई रोज सकाळी शेरभर ज्वारी टाकत आणि नंतर खराट्याने गच्ची झाडत. कोरडीच. यजमान गेल्यापासून त्यांच्या नावाने हा नेम त्यांनी चार वर्षे मोडला नव्हता.

त्यांना छत्रपती संभाजीनगरला छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. सीटी स्कॅन झाला, फुप्फुसांची क्षमता मोजली गेली. निदान निघाले 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस'. आता त्यांची प्रकृती बरी आहे. पण फुप्फुसाचा जो भाग निबर झाला तो झाला. आठ महिन्यांपूर्वी मी एकच प्रश्न विचारला असता तर त्यातला काही भाग कदाचित वाचला असता.

हा आजार आहे तरी काय?

नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. कबुतराच्या विष्ठेत आणि पिसांवरच्या पिठासारख्या भुकटीत काही प्रथिने असतात. विष्ठा वाळली की तिची धूळ होते आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांपर्यंत पोचते. काही माणसांचे शरीर या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्याशी लढू लागते. लढाई होते आपल्याच फुप्फुसात. तिथे सूज येते. संपर्क चालूच राहिला तर सुजेच्या जागी व्रण पडतात आणि स्पंजासारखे मऊ फुप्फुस हळूहळू कडक होत जाते.

एकाच वेळी खूप धूळ छातीत गेली तर चार ते आठ तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, खोकला आणि छाती आवळल्यासारखी वाटणे, अशी लक्षणे दिसतात. लोक त्याला 'व्हायरल' म्हणतात. एक-दोन दिवसांत बरे वाटते आणि पुन्हा झाडू हातात घेतला की पुन्हा तेच. दुसरा प्रकार अधिक फसवा. रोज थोडी थोडी धूळ जाते, ताप येत नाही, फक्त कोरडा खोकला आणि वाढत जाणारी धाप. वजन घटते. बोटांची टोके फुगीर होतात. माणूस म्हणतो, वय झाले. डॉक्टर म्हणतो, दमा आहे.

उपचारात पहिली गोष्ट म्हणजे कारण दूर करणे. स्टेरॉइडच्या गोळ्या सूज उतरवतात. व्रण वाढू नयेत म्हणून अलीकडे काही औषधे निघाली आहेत, पण ती महाग आहेत. आणि गोळ्या चालू, दाणेही चालू, असे केले तर ते भोक पडलेल्या रांजणात पाणी भरण्यासारखे आहे.

याशिवाय कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाची बुरशी वाढते. धडधाकट माणसाला ती सहसा काही करत नाही; पण एचआयव्हीबाधित, मूत्रपिंड बदललेले किंवा बराच काळ स्टेरॉइड घेणारे जे रुग्ण आहेत, त्यांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती पोचू शकते.

सगळा दोष पारव्यांचाच का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कबुतरांच्या सहवासात राहणाऱ्या बहुतेक लोकांना हा आजार होत नाही. अडचण एवढीच की कोणाला होणार हे आधी ओळखता येत नाही.

दुसरे, याच जातीचा आजार इतर धुळींनीही होतो. फुप्फुसे निबर होणाऱ्या आजारांची एक देशव्यापी नोंदवही भारतातील डॉक्टरांनी तयार केली. तिचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. 1084 रुग्णांपैकी 47.3 टक्के रुग्णांना हाच ॲलर्जीचा न्यूमोनायटिस होता. आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा संबंध कशाशी आला होता? घरातल्या कूलरशी! कूलरच्या ओल्या गवतात वाढणारी बुरशी पंख्याच्या वाऱ्याने थेट तोंडावर येते. आमच्या मराठवाड्यात मार्च ते जून कूलरशिवाय कोणाचे भागते? म्हणून दरवर्षी नवे गवत लावा, टाकीतले पाणी वरचेवर बदला आणि हंगाम संपला की कूलर कोरडा करूनच ठेवा. ओलसर राहून बुरसटलेला कडबा आणि साखर कारखान्याबाहेर साठलेले उसाचे जुने चिपाड यांच्या धुळीनेही हाच आजार होतो. आमच्या भागात शेतकरी आणि कारखान्याचे कामगार दोघेही आहेत, म्हणून मुद्दाम सांगितले.

पण कूलर चार महिने चालतो आणि पारवे बारा महिने असतात. दोन्ही एकाच गच्चीवर असतील तर काय होत असेल, याचा विचार करावा.

दादरला जे झाले

हा विषय 2025 साली गाजला तो मुंबईत. दादरचा कबुतरखाना ही 1933 सालची वारसा यादीतली वास्तू. मुळात ते पाण्याचे एक कारंजे. पाण्याला पाखरे आली, पाखरांना दाणे आले, दाण्यांना आणखी पाखरे आली, आणि कारंज्याचा कबुतरखाना झाला. जुलै 2025 मध्ये राज्य सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचे विधिमंडळात जाहीर केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, 6 ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली. लोकांचे आरोग्य सर्वांत महत्त्वाचे, अशी भूमिका उच्च न्यायालयाने घेतली आणि तज्ज्ञांची समिती नेमण्याचा मार्ग धरला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पुढे काही ठरावीक जागी सकाळी सात ते नऊ एवढ्याच वेळेत दाणे टाकण्याची तात्पुरती मुभा देण्यात आली.

यातून आपण काय शिकायचे? दादरला भांडण पेटले, कारण सवय नव्वद वर्षांची होती. लोकांच्या श्रद्धा तिला चिकटल्या होत्या. गावात एखादी जागा 'दाणे टाकण्याची' म्हणून रूढ होण्याआधीच हात आवरला तर ना ताडपत्री लागते ना पोलीस. नवीन बाग झाली, चौकात कारंजे बसले, पुतळ्याभोवती कट्टा बांधला की चार दिवसांत तिथे ज्वारीचे दाणे दिसू लागतात. तेव्हाच बोलले पाहिजे. परदेशातल्या बागांमधून हाच त्रास रानहंसांचा होतो. कारंज्याकाठच्या मऊ हिरवळीवर लोक पावाचे तुकडे टाकतात, हंस मुक्काम ठोकतात आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेवर विष्ठा साचते. पक्षी वेगळा, माणसाची सवय तीच.

मारून नव्हे, दाणे थांबवून

कोणी म्हणेल, मग औषध घालून टाका. अजिबात नाही. मुक्या जिवाला विष घालणे हा अधर्म आहेच, शिवाय 1960 च्या कायद्याने प्राण्यांशी क्रूरपणा करणे हा गुन्हाही आहे. आणि त्याचा उपयोगही होत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने 1961 ते 1985 या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली, तरी शहरातली संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली. कारण कबुतर वर्षातून अनेकदा अंडी घालते. जितकी जागा रिकामी होते तितकी पिल्ले वाढतात. 1988 पासून त्यांनी लोकांना दाणे कमी टाकायला समजावून सांगितले. चार-साडेचार वर्षांत संख्या निम्म्यावर आली. बंदुकीने जे झाले नाही ते समजुतीने झाले.

आपल्याकडे पारवे पूर्वी नव्हते का? होते. अंबडच्या जुन्या बारवांमध्ये आणि शेतातल्या विहिरींच्या कपारींत ते कायमच होते. पण ते रानात जाऊन आपले पोट भरत आणि म्हणून बेताने असत. आता शेरभर दाणे एका जागी मिळतात, कठडे आणि छज्जे फुकट मिळतात. पारव्यांची त्यात चूक काय?

घरासाठी आणि गावासाठी काही साध्या गोष्टी सांगतो.

गच्चीवर दाणे टाकणे एकदम थांबवायचे नसेल तर पंधरा दिवसांत कमी करत आणा. पाखरे उपाशी मरत नाहीत, दुसरीकडे चरायला जातात.

पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवे. खिडक्यांच्या छज्जांवर जाळी लावा. घरटे रिकामे असतानाच काढा, अंडी-पिल्ले असताना नको.

वाळलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नका. आधी पाणी मारून चांगली भिजवा, नाकातोंडावर मास्क बांधा, मग खरवडून पिशवीत भरा. साधा रुमाल पुरेसा नाही. ज्यांना आधीच दम लागतो त्यांनी, आणि लहान मुलांनी, त्या वेळी जवळही थांबू नये.

चकाकणाऱ्या सीडी टांगणे, प्लास्टिकचे घुबड बसवणे हे उपाय आठवडाभर चालतात. मग कबुतरे घुबडाच्याच डोक्यावर बसतात.

कारंजे असेल तर पाणी साचवून ठेवू नये. ते वेळेवर बदलावे, हौद घासून त्यात ब्लीचिंग पावडर वापरावी, कठडा सपाट न ठेवता उतरता करावा. कारंज्याचे तुषार अंगावर घ्यायला मुले धावतात. त्यात विष्ठेचे पाणी असू नये, एवढी अपेक्षा काही फार नाही. धान्याच्या मोंढ्यात सांडलेले दाणे रोज संध्याकाळी गोळा झाले तरी निम्मे काम होईल.

पुण्याचे काय?

हा प्रश्न त्या बाईंनीच मला विचारला. "डॉक्टरसाहेब, त्यांच्या नावानं टाकत होते. आता बंद केलं तर त्यांना काय वाटंल?" औषधाची चिठ्ठी लिहिणे सोपे असते, अशा प्रश्नाचे उत्तर देणे कठीण. मी एवढेच म्हणालो, "ताई, तुम्ही जिना चढताना थांबता, हे त्यांना बघवलं असतं का?"

अहिल्याबाई होळकरांनी पाखरांसाठी उभी पिके राखून ठेवली, असे सांगतात. पण ती शेतात, मोकळ्या रानात. कोणाच्या पाळण्याशेजारी नव्हे. भूतदया आपल्या रक्तात आहे आणि ती राहावी. उन्हाळ्यात चिमण्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवा, ते रोज धुवा. झाडे लावा, बोरी-बाभळीवर, वड-पिंपळावर पाखरांचे पोट आपोआप भरते. हिवाळ्यात नाथसागरावर परदेशी बदके आणि हंस येतात, त्यांना दुरून पाहा, खाऊ घालू नका. दान करायचेच तर ते दुसऱ्याच्या श्वासावर बेतणार नाही एवढे पाहावे. त्या बाई आता तेवढीच ज्वारी महिन्याच्या महिन्याला एका गरजू घरी देतात.

शेवटी दोन शब्द माझ्या व्यवसायबंधूंना आणि दोन वाचकांना. व्यवसायबंधूंनो, तीन आठवड्यांहून जुना कोरडा खोकला समोर आला आणि थुंकीत काही निघाले नाही, तर पंप लिहिण्याआधी विचारा: घरात किंवा गच्चीवर पक्षी आहेत का? कूलर कधी साफ केला? काम कोणत्या धुळीत असते? गाव सोडल्यावर बरे वाटते का? आणि पाठीला नळी लावून खालच्या बाजूला नीट ऐका. फुप्फुस निबर होत असेल तर चिकटपट्टी उलगडल्यासारखा बारीक आवाज येतो.

आणि वाचकहो, तुमच्या डॉक्टरने हे विचारले नाही तर तुम्ही होऊन सांगा. 'घरी गेलो की खोकला वाढतो' हे वाक्य गप्पांतले समजू नका. मी तसे समजलो होतो.